चढ, चिखल आणि काठीचं रबर



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांच्याविषयी प्रास्ताविकात इतकं नेमकं बोललं गेलं की मी त्यात भर घालत नाही. मी साताऱ्याचा. यंत्रांचा माणूस. व्याख्यान देण्यापेक्षा एखादी वस्तू खोलून दाखवायला सांगितलं असतं तर जास्त खूश झालो असतो. पण तुम्ही बोलावलंत आणि विषयही माझ्यावर सोडलात. म्हणून ज्यांचा तोल जातो, ज्यांना चालणं जड जातं, त्यांच्या साधनांविषयी बोलतो. काठी, वॉकर, कुबडी, कॅलिपर, चाकाची खुर्ची, कृत्रिम पाय. ही साधनं बनवायची कशी, आणि मुख्य म्हणजे कोणाला विचारून?

सुरुवात तुमच्याच सांगली जिल्ह्यातल्या माणसापासून करू. मुरलीकांत पेटकर, वाळवा तालुक्यातल्या पेठचे. सैन्यात गेले, मुष्टियोद्धे झाले आणि १९६५च्या युद्धात गोळ्या लागून कमरेखालचं बळ गमावून बसले. उपचारांत पोहणं आलं. १९७२ साली जर्मनीतल्या हायडेलबर्गला पॅरालिम्पिकमध्ये ५० मीटर फ्रीस्टाइल त्यांनी ३७.३३ सेकंदांत पार केलं. जागतिक विक्रम, आणि भारताचं पॅरालिम्पिकमधलं पहिलं वैयक्तिक सुवर्णपदक. पद्मश्री यायला मात्र २०१८ साल उजाडलं. अलीकडे सिनेमा आला म्हणून पोरांना नाव ठाऊक झालं, तोवर आपण सांगली-साताऱ्याचे लोकसुद्धा गप्पच होतो.

पण मला आज त्या पदकाविषयी बोलायचं नाही. मला एकच प्रश्न पडतो. हेच शरीर तलावात असताना जगात पहिलं होतं आणि तलावाच्या काठावर आलं की सरकारदरबारी अपंग होतं. शरीर तेच, माणूस तोच. मग अपंगत्व नेमकं होतं कुठे? पायात असतं, तर ते पाण्यातही त्याच्याबरोबर उतरलं असतं की!

माझं उत्तर असं, की ते शरीर आणि जमीन यांच्या मधल्या जागेत होतं. साधन याच मधल्या जागेत काम करतं. त्याचं एक टोक माणसाच्या हातात असतं आणि दुसरं मातीवर. असं असताना आपण माप घेतो ते फक्त माणसाचं. मातीचं माप कोण घेतं? उंबरठ्याचं, मोरीचं, बांधाचं, एसटीच्या पायरीचं माप कोण घेतं?

आता तोल म्हणजे काय ते थोडक्यात. आपण उभे असतो तेव्हा स्थिर नसतो, सारखे बारीक झुलत असतो आणि सावरत असतो. सावरायला मेंदूला तीन ठिकाणांहून खबर लागते. डोळे एक. कानाच्या आतल्या तीन अर्धवर्तुळाकार नळ्या आणि त्यांच्याजवळचे बारीक खडे, हे झालं दोन. तळपाय, घोटे, गुडघे यांच्याकडून येणारी जाणीव तीन. यातली एक खबर बंद पडली तर उरलेल्या दोन ओढून नेतात. दोन बंद पडल्या की माणूस पडतो. मधुमेहाने तळपाय बधिर झालेले आजोबा दिवसा व्यवस्थित हिंडतात आणि रात्री लघवीला उठले की मोरीपाशी पडतात. घरचे म्हणतात, झोपेत होते. झोपेत कसले? तळपायाची खबर आधीच गेली होती आणि दिवा न लावल्याने डोळ्यांचीही गेली.

अशा माणसाला आधार किती लागतो, याचा एक सुंदर प्रयोग १९९०च्या दशकात अमेरिकेत जेका आणि लॅकनर या दोघांनी केला. उभ्या माणसाला एका स्थिर पट्टीला फक्त बोटाचं टोक टेकवायला सांगितलं. भार द्यायचा नाही, शंभर ग्रॅमच्या आतला नुसता स्पर्श. तेवढ्याने शरीराचं झुलणं लक्षणीय कमी झालं. इतक्या हलक्या स्पर्शाने शरीर पेललं जात नाही, पण मेंदूला खबर मिळते. म्हणजे काठी भार घेते तशी जमिनीची बातमीही आणते. घरात भिंतीवरून हात फिरवत चालणारी म्हातारी माणसं तुम्ही पाहिली असतील. सुना म्हणतात, रंग खराब होतो. भिंत खराब होऊ नये असं वाटत असेल तर खाटेपासून मोरीपर्यंत दीड इंची पाइपचा कठडा लावा. वेल्डिंगवाला अर्ध्या दिवसात बसवून देईल. रात्री एक छोटा दिवा जळता ठेवा. झालं, तीनपैकी दोन खबरा परत आल्या.

काठीवर मी जरा रेंगाळणार आहे. ती इतकी साधी दिसते की तिच्याकडे कोणी बघत नाही.

पहिली चूक हाताची. उजवा गुडघा किंवा खुबा दुखतो म्हणून माणूस उजव्या हातात काठी धरतो. सिनेमातला लंगडा बापही तसाच चालतो, त्यामुळे ते बरोबर वाटतं. काठी उलट्या हातात हवी. एका पायावर उभं राहिलं की खुब्याच्या सांध्यावर शरीराच्या वजनाच्या अडीच-तीन पट भार येतो. कारण सगळं धड सांध्यापासून लांब असतं आणि ते पेलणारा स्नायू सांध्याला अगदी लागून. तरफेचा हिशोब आहे हा, शाळेच्या विज्ञानातला. काठी पलीकडच्या हातात आली की तिचं सांध्यापासूनचं अंतर वाढतं आणि थोड्याशा दाबाने पुष्कळ भार उतरतो.

दुसरी चूक उंचीची. सरळ उभं राहून हात सैल सोडला की मनगटाचं हाड जिथे येतं तिथवर मूठ यावी, कोपर थोडं वाकलेलं राहावं. पुस्तकात लिहिलंय, नेहमीचे बूट घालून माप घ्या. आपल्याकडे कुठले नेहमीचे बूट? बाहेर जाडजूड चप्पल, घरात अनवाणी. म्हणजे एकाच माणसाला दिवसातून दोन उंच्या. ज्याने ते पुस्तक लिहिलं तो घरातही बूट घालून वावरत होता, एवढाच त्याचा अर्थ.

आणि तिसरी गोष्ट, काठीचं रबर. मला विचाराल तर आपल्या दोन जिल्ह्यांतलं सगळ्यात दुर्लक्षित यंत्र म्हणजे काठीच्या टोकाचं ते वाटीएवढं रबर. नवं असताना त्याच्या तळाला गोल-गोल खाचा असतात आणि रबर मऊ असतं. शहाबादी फरशीवर, कोब्यावर, शेणाने सारवलेल्या अंगणात ते धरून राहतं. मग खाचा झिजतात आणि तळ गुळगुळीत होतो. काठी तिरकी टेकायची सवय असेल तर एक कड पूर्ण जाते आणि एक दिवस आतली नळी रबर फाडून बाहेर डोकावते. ओल्या फरशीवर ती नळी म्हणजे घसरगुंडी. काठी मिळते, वॉकर मिळतो, पण नुसतं रबर मागायला जा. तालुक्याच्या गावी औषधांच्या दुकानात सांगतात, ‘पूर्ण काठी घ्या.’ मग कोणी सायकलच्या ट्यूबचा तुकडा गुंडाळून दोरी बांधतो. ती जुगाडू माणसं हुशार असतात यात वाद नाही. पण खुब्याचं हाड मोडल्यावरचा खर्च आणि त्या रबराची किंमत शेजारी-शेजारी मांडून बघा.

आता दुसरा मोठा मुद्दा: जमीन. आमच्या साताऱ्यात चढ आहे, तुमच्या सांगलीत चिखल आहे. दोन्हीकडे एकच चाकाची खुर्ची वाटली जाते! सरकारी मार्गदर्शक तत्त्वं सांगतात की उताराचं प्रमाण एकास बारा असावं. म्हणजे एक इंच उंचीला एक फूट लांबी. अर्ध्या फुटाच्या ओट्याला सहा फूट उतार लागतो. आमच्या यादोगोपाळ पेठेत सहा फुटांत समोरच्याचं घर सुरू होतं. तुमच्याकडे काळी माती. पाऊस झाला की खुर्चीची पुढची लहान चाकं चिखलात रुततात आणि मागून ढकललं की माणूस तोंडावर. या चाकांचा जन्म दवाखान्याच्या गुळगुळीत फरशीवर झाला. ती उसाच्या सरीत चालावीत ही अपेक्षाच चुकीची.

याला उत्तर नाही असं नाही. राल्फ हॉचकिस नावाचा अमेरिकन अभियंता, स्वतः १९६६ पासून खुर्चीत. त्याने खडबडीत जमिनीसाठी खुर्ची केली. पुढची चाकं रुंद, पुढच्या-मागच्या चाकांतलं अंतर जास्त, सायकलचे टायर, आणि सगळं असं की गावातल्या कारागिराला दुरुस्त करता यावं. घडीची खुर्ची १९३३ साली ज्या एव्हरेस्ट आणि जेनिंग्ज जोडीने काढली, त्यातला एव्हरेस्टही खाणीतल्या अपघातानंतर खुर्चीतच बसलेला होता. जो वापरतो तो टेबलाशी बसला की वस्तू बदलते. आपल्या शेजारच्या कोल्हापूरच्या नसीमा हुरजूक यांचं ‘चाकाची खुर्ची’ हे आत्मकथन वाचलंय ना तुम्ही? त्यांनी १९८४ मध्ये ‘हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड’ उभी केली. ती संस्था चाकाच्या खुर्चीत बसून चालवली, हे आपण कौतुकाने सांगतो. मी म्हणेन, त्या खुर्चीत बसलेल्या होत्या म्हणूनच काय हवं ते त्यांना कळत होतं.

आणि जमिनीकडे बघून साधन बनवणं म्हणजे काय, ते शिकायला आपल्याला लांब जायला नको. जयपूर फूट. नाव सगळ्यांनी ऐकलंय, गोष्ट पुरती कमी लोकांना ठाऊक आहे. साठच्या दशकात जयपूरच्या सवाई मानसिंह रुग्णालयात डॉ. प्रमोद करण सेठी हे अस्थिशल्यचिकित्सक होते. पाय गमावलेल्यांना परदेशी धर्तीचा पाय बसवला जाई. घोटा घट्ट, टाचेत गादी, आणि तो बुटात घालूनच वापरायचा. माणसं पाय घेऊन घरी जात आणि काही दिवसांनी पुन्हा कुबड्यांवर दिसत. का? पाय चांगला होता, पण त्या पायाने मांडी घालता येईना, उकिडवं बसता येईना. शौचाला कसं जायचं? देवळात बूट घालून कसं शिरायचं? ओल्या रानात बूट भिजला की पाय कुजायचा.

तिथे रुग्णांना हस्तकला शिकवायला एक कारागीर येत, रामचंद्र शर्मा. मास्टरजी म्हणत त्यांना. शिक्षण बेताचं, हात सोन्याचे. डॉक्टरांना शरीर कळत होतं आणि मास्टरजींना साहित्य. दोघांनी मिळून १९६८च्या सुमारास रबराचा पाय घडवला. आत मऊ स्पंजासारखं रबर आणि लाकूड, बाहेरून टायरवाल्यांकडचं व्हल्कनाइज केलेलं रबर, रंग कातडीचा. बोटं दिसतात, घोटा सगळ्या बाजूंनी वळतो, बुटाची गरज नाही. अनवाणी चालता येतं, चिखलात उतरता येतं, झाडावर चढता येतं. १९८१ मध्ये डॉ. सेठींना मॅगसेसे मिळाला. मास्टरजींच्या वाट्याला तेवढं नाव आलं नाही. आपल्याकडची ही जुनी खोड.

गोष्टीचा उत्तरार्ध मला जास्त महत्त्वाचा वाटतो. पाय तयार झाला, गाजला, निबंध वाचले गेले आणि पहिली काही वर्षं तो मोजक्याच लोकांपर्यंत पोचला. १९७५ मध्ये देवेंद्र राज मेहता यांनी भगवान महावीर विकलांग सहायता समिती काढली आणि पद्धत बदलली. माणूस कुठल्याही वेळी आला तरी दाखल करायचं, सोबतच्या नातेवाइकाची जेवणाची-राहण्याची सोय करायची, आणि होता होईल तो पाय लावूनच घरी पाठवायचं. मजुरी बुडवून जो माणूस आलाय त्याला ‘पुढच्या महिन्यात या’ म्हणणं म्हणजे ‘येऊ नका’ म्हणणं. हे ज्याला कळलं त्याने रांग मोडली. आणखी एक गंमत. पुढे त्या पायाची नळी एचडीपीई पाइपची करू लागले. तोच, आपल्या शेतात पाण्याच्या लाइनला असतो तो. तासगाव-पलूसच्या रानात तो पाइप मैलोन्मैल पुरलाय.

इथे थोडं विषयांतर करतो. आमचा सातारा सैनिकांचा जिल्हा. अपशिंगे मिलिटरी या एका गावाचे ४६ जवान पहिल्या महायुद्धात कामी आले. जे परत आले त्यांत हात-पाय गमावलेलेही असणारच. अशा जवानांना धंदेशिक्षण द्यायला १९१७ मध्ये क्वीन मेरीज टेक्निकल इन्स्टिट्यूट निघाली, ती पुढे खडकीला आली. दुसऱ्या महायुद्धात, १९४४ मध्ये, पुण्याला कृत्रिम अवयव केंद्र सुरू झालं. म्हणजे साधनांची विद्या आपल्या मुलखात युद्धाने आणली. ऊसतोडीत, मळणीयंत्रात, कडबाकुट्टीत जे हात-पाय जातात, त्यांच्यासाठी कुठलं केंद्र निघालं? असो.

आता मिरज. डॉ. विल्यम वॉनलेस यांनी १८९४ मध्ये रुग्णालय उघडलं तेव्हापासून मिरज हे दुखणाइतांचं गाव आहे, कर्नाटकातूनही माणसं येतात. हाडांच्या शास्त्रातलं मोठं नाव, डॉ. जी. एस. कुलकर्णी, मिरजेचंच. त्यांनी संपादित केलेला ग्रंथ देशभरचे विद्यार्थी वाचतात. सायबेरियातल्या इलिझारोव यांची, तारा आणि कड्यांच्या चौकटीने हाड हळूहळू लांबवण्याची पद्धत इथे रुजली. हाड जोडण्याच्या विद्येत आपण कुठेच मागे नाही. पण हाड जुळलं, टाके काढले, पेशंट रिक्षात बसला. पुढे? घरी संडास अंगणाच्या कोपऱ्यात, दार दोन फुटांचं. हातातला वॉकर दोन फुटांहून रुंद. मग वॉकर बाहेर ठेवायचा आणि ज्या जागी आधाराची सगळ्यात जास्त गरज, तिथे आधाराशिवाय जायचं. घरोघरी त्यावर उपाय म्हणजे प्लॅस्टिकच्या खुर्चीला मधे भोक पाडायचं. भोक पाडलं की बैठक कमजोर होते आणि ओल्या फरशीवर चारही पाय पसरतात.

मी एका गावात असाच गेलो होतो. गावाचं नाव सांगत नाही. तिथे एका शिबिरात तीनचाकी सायकल मिळालेली एक बाई होती. हाताने फिरवायची ती सायकल. फोटो घरात लावलेला. सायकल गोठ्याच्या मागे, साखळी गंजलेली, सीटवर कोंबडी अंड्यावर बसलेली. मी विचारलं, वापरत का नाही? ती म्हणाली, ‘दादा, घरापास्नं रस्ता चढाचा. वर ढकलायला माणूस लागतंय, आन् खाली येताना बिरेक लागत न्हाई.’ वाटणाऱ्यांनी तिच्या पायांचा दाखला पाहिला होता, टक्केवारी पाहिली होती. रस्ता पाहिला नव्हता. बरं, ती सायकल निकृष्ट नव्हती. सपाट गावात तीच बाई दुकान चालवायला गेली असती.

याउलट मिरजेच्या तंबोऱ्याचं काय करतात ते बघा. शिकलगार मंडळी पूर्वी शस्त्रांना धार लावायची, पुढे ती वाद्यांकडे वळली. तंबोरा तयार झाला म्हणून काम संपत नाही. गवई येतो, वाजवतो, मान हलवतो, कारागीर घोडी घासून जवारी काढतो, पुन्हा वाजवतो. गवयाच्या कानाला पटेपर्यंत हे चालतं. एका भोपळ्याचे इतके लाड होत असतील तर माणसाच्या पायाचे का होऊ नयेत? कॅलिपर पहिल्यांदा घातला की मांडीला कुठे घासतो, हे तीन दिवसांनी कळतं. तोवर शिबिराचा मांडव उतरलेला असतो.

कॅलिपरवरून आठवलं. देशातला पोलिओचा शेवटचा रुग्ण जानेवारी २०११मधला, आणि २०१४ मध्ये आपण पोलिओमुक्त जाहीर झालो. फार मोठी गोष्ट. पण त्याआधी पोलिओ झालेली कितीतरी मुलं आज पन्नाशीत आहेत, आणि जो पाय इतकी वर्षं भार वाहत आला तो आता थकतोय. त्यांना कॅलिपर लागणार आहे, नवा, जास्त हलका. आणि तो करणारे जुने चर्मकार कारागीर? त्यांची मुलं या धंद्यात नाहीत.

आता थोडं हसा. पुण्याची एक डिझायनर आहे, मिलेहा सोनेजी. तिच्या काकांना कंपवात झाला. सपाट जमिनीवर त्यांचे पाय चिकटून बसत, पुढे पडतच नसत. आणि हेच काका जिना मात्र झपझप उतरत! तिने काय करावं? सपाट फरशीवर जिन्याचं चित्र काढलं. काका त्या खोट्या पायऱ्यांवरून चालू लागले. मेंदूत आपोआप चालण्याचा जो ताल असतो तो या आजारात बिघडतो, पण डोळ्यांपुढे आडव्या रेघा असल्या की मेंदू दुसऱ्या वाटेने पाऊल टाकतो. सगळ्यांना लागू पडेल असं नाही. पण घरी असा रुग्ण असेल तर फरशीवर पावला-पावलाच्या अंतराने रंगीत चिकटपट्टी लावून बघा. यात मोटार नाही, बॅटरी नाही, सेन्सर नाही.

हे मुद्दाम सांगतो, कारण या सभागृहात अभियांत्रिकीचे विद्यार्थी बसलेत. सांगलीचं वालचंद १९४७चं, कराडचं शासकीय महाविद्यालयही जुनं. दर वर्षी शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पांत एक तरी जिना चढणारी खुर्ची असते, एक तरी बोलणारी काठी असते. प्रदर्शनात ती चालते, गुण मिळतात, आणि जूनमध्ये मोटार काढून पुढच्या बॅचला देतात. मी त्यांच्यावर रागावत नाही, मीही तसले प्रकल्प तपासलेत. एवढंच सुचवतो, की एक वर्ष कोणी जिना चढू नका. दोन फुटांच्या दारातून जाणारा वॉकर करा. उतारावर न पळणारी तीनचाकी करा. ओल्या शेणमातीवर न घसरणारं रबर करा आणि ते कुपवाडच्या एमआयडीसीत पाडून घ्या. साचा एकदाच लागतो.

एसटीचंही बोलतो. अपंगांना तिकिटात ७५ टक्के सवलत आहे. पायरीच्या उंचीत सवलत नाही. पंच्याहत्तरी ओलांडलेल्यांना २०२२ पासून प्रवास मोफत झाला, तेव्हापासून स्टँडवर बघा, एकजण वरून हात ओढतो आणि दुसरा खालून ढकलतो. स्टँडच्या फलाटावर एक पक्की, कठडा असलेली, हलवता येणारी पायरी ठेवायला किती खर्च येईल? आणि पुराचं? २०१९ला आयर्विन पुलाशी पाणी धोक्याच्या पातळीच्या कितीतरी वर गेलं. होडीत माणूस घेतला, खुर्ची कुठे ठेवायची? ज्याचा कॅलिपर गाळात गेला, त्याला पाणी ओसरल्यावर छावणीतून घरी कसं आणायचं? नुकसानीच्या पंचनाम्यात भांडी, धान्य, जनावरं यांचे रकाने असतात. साधनाचा रकाना घाला, एवढं या सभेने जिल्हा प्रशासनाला लिहावं अशी माझी अध्यक्षांना विनंती आहे.

वेळ संपत आलाय, चिठ्ठी आली. शेवटचं, ज्यांच्याकडे काठी आहे त्यांच्यासाठी. सभागृहाबाहेर डाव्या हाताला एक टेबल मांडलंय. तिथे दोन मुलं, एक करवत, कानस आणि वेगवेगळ्या मापांची रबरं आहेत. चप्पल घालून आणि चप्पल काढून, दोन्ही मापं घ्या. लाकडी काठी कापून देतील. ॲल्युमिनियमची असेल तर खालचं बटण दाबून उंची बदलतात, ते कसं करायचं दाखवतील. रबराचे पैसे द्यायचे आहेत, फुकट नाही. आणि पुढच्या दाराने बाहेर पडताना पायऱ्यांना एकाच बाजूला कठडा आहे, त्या बाजूने उतरा.